आजार सरतो, खोकला उरतो

पडशाविषयी आपल्याकडे एक जुना विनोद आहे. औषध घेतले तर पडसे सात दिवसांत बरे होते आणि न घेतले तर त्याला एक आठवडा लागतो. विनोद चांगला आहे, परंतु त्यातला हिशेब अपुरा आहे. पडसे आणि ताप आठवड्यात जातात हे खरे मानले, तरी त्यांच्यामागून येणारा खोकला, घशात अडकून बसलेला कफाचा बेडका, सकाळी उठताच चोंदलेले नाक आणि दर दोन वाक्यांनंतर घसा खाकरण्याची निकड ही मंडळी आठवड्यात निरोप घेत नाहीत. आजाराच्या या शेपटीला आपल्या भाषेत धड नाव नाही, आपल्या रजेच्या नियमांत जागा नाही आणि आपल्या मनाच्या हिशेबात तर तिची नोंदच नाही. ही नोंद नसणे किती महाग पडते, हेच या लेखात मांडावयाचे आहे.

आरंभ स्वतःपासून करणे बरे. गेल्या पावसाळ्यात मला विषाणुजन्य ताप आला. तीन दिवस अंथरुणात काढले, चौथ्या दिवशी ताप उतरला आणि सहाव्या दिवशी मी वर्गात उभा होतो. विषय मागणीच्या लवचिकतेचा होता. पंधरा मिनिटांत आवाज बसला. उरलेला तास मी फळ्यावर आकृत्या काढून आणि खाकरून भागवला. दहाव्या दिवशी कफाचा रंग हिरवट दिसू लागला, तेव्हा मी घाबरलो आणि औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरवरील गृहस्थांनी माझे वाक्य पुरे होण्याच्या आत तीन दिवसांच्या प्रतिजैविकाची पट्टी व खोकल्याच्या औषधाची बाटली समोर ठेवली. चिठ्ठी त्यांनी मागितली नाही आणि मीही ती नसल्याचे बोललो नाही. पट्टी संपली, खोकला तसाच राहिला. मग दुसऱ्या एका प्रतिजैविकाची पाच दिवसांची पट्टी झाली. तीही संपली आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी खोकला ओसरू लागला. मी घरी जाहीर केले, ‘पहिले औषध निकामी होते, दुसऱ्याने गुण आला.’

अर्थशास्त्राच्या ज्या अध्यापकाने वीस वर्षे विद्यार्थ्यांना सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे असे बजावले, त्याने हे विधान करावे याची आज मला लाज वाटते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली होती, इतकेच. मला बरे केले ते दिवसांनी.

अपेक्षा आठ दिवसांची, वास्तव अठरांचे

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वसामान्य लोकांना प्रश्न विचारला होता की, श्वसनमार्गाच्या तीव्र आजारानंतर येणारा खोकला किती दिवस टिकतो असे तुम्हांला वाटते? लोकांची सरासरी उत्तरे सात ते नऊ दिवसांच्या घरात होती. त्याच संशोधकांनी पूर्वीच्या वैद्यकीय अभ्यासांतील रुग्णांचा प्रत्यक्ष खोकला किती दिवस टिकला हे एकत्र करून पाहिले. सरासरी निघाली १७.८ दिवस. म्हणजे लोक ज्या दिवशी ‘आता हा बरा व्हायलाच हवा होता’ म्हणून अस्वस्थ होतात, त्या दिवशी आजाराने जेमतेम अर्धी वाट कापलेली असते. शिवाय ही सरासरी आहे. तीन आठवडे ओलांडून आठ आठवड्यांपर्यंत रेंगाळणारा खोकलाही वैद्यकशास्त्राला परिचित आहे.

असे का व्हावे? नाकापासून श्वासनलिकांपर्यंतच्या अस्तरावर कफाचा एक पातळ थर सदैव असतो. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. श्वासाबरोबर आलेली धूळ व जंतू त्याला चिकटतात आणि अस्तरावरील केसांसारखे सूक्ष्म तंतू, सेकंदाला दहा-बारा वेळा हेलकावत, हा थर घशाकडे लोटतात. तेथून तो आपण नकळत गिळतो. निरोगी माणूसही दिवसभर कफ गिळतच असतो, त्याला त्याची जाणीव नसते एवढेच. विषाणू नेमका या तंतुमय पेशींवर घाला घालतो. त्याच वेळी सुजलेले अस्तर अधिक व घट्ट कफ निर्माण करते. शहरात कचरा दुप्पट व्हावा आणि त्याच दिवशी सफाई कामगारांचा संप व्हावा, तशी ही अवस्था असते. ताप उतरतो तेव्हा शत्रू गेलेला असतो, पण संप मिटलेला नसतो. नव्या पेशी तयार होऊन त्यांचे तंतू पुन्हा कामाला लागण्यास काही आठवडे जातात. मधल्या काळात साचलेला कफ हलविण्याचे काम खोकल्याला करावे लागते. घशातील मज्जातंतूही हळवे झालेले असल्याने थंड वारा, खडूची भुकटी, उदबत्तीचा धूर किंवा फोडणीचा साधा ठसकादेखील खोकल्याची उबळ आणण्यास पुरतो.

ज्या हिरवट रंगाने मी घाबरलो, त्याचे स्पष्टीकरणही साधे आहे. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये हिरव्या रंगाचे एक विकर असते. त्या पेशी कफात जमल्या की रंग बदलतो. शरीराने लढा दिला याची ती खूण आहे. केवळ रंगावरून प्रतिजैविकाची गरज सिद्ध होत नाही, आणि विषाणूवर तर प्रतिजैविकाचा काडीमात्र परिणाम होत नाही.

गायरानाची कथा

आता या अठरा दिवसांकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहू. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर जो पायाभूत निबंध लिहिला, त्याचा गाभा अनिश्चितता हा होता. आपण तांदूळ विकत घेतो तेव्हा तो कसा आहे हे आपल्याला कळते. औषध घेतो तेव्हा त्याची गरज होती काय आणि गुण त्यानेच आला काय, हे घेतल्यानंतरही कळत नाही. अशा बाजारात ग्राहक अपेक्षेवर चालतो. अपेक्षा आठ दिवसांची आणि वास्तव अठरांचे, म्हणजे मध्ये दहा दिवसांची फट राहते. या फटीत जी अस्वस्थता भरलेली असते, तीच बाजाराची मागणी होय. दुकानदार ती निर्माण करीत नाही, तो फक्त पुरवठा करतो. डॉक्टरही पुष्कळदा रुग्णाच्या अपेक्षेपुढे मान तुकवतात; कारण ‘थांबा’ असे सांगणाऱ्या डॉक्टरकडे रुग्ण पुन्हा जात नाही आणि पट्टी देणाऱ्याला हातगुणाचे श्रेय मिळते. दहाव्या दिवशी घेतलेले कोणतेही औषध अठराव्या दिवशी यशस्वी ठरणारच.

हा खर्च केवळ माझ्या खिशातून जात असता तर तक्रारीचे कारण नव्हते. परंतु प्रतिजैविकाची परिणामकारकता ही सर्वांच्या मालकीची वस्तू आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाचा दृष्टान्त दिला. आपल्याला तो परका नाही, कारण आपल्या गावोगावी गायरान होते. प्रत्येकाने आपले एक जनावर अधिक सोडले तर त्याचा लाभ त्याला एकट्याला मिळतो, तोटा मात्र साऱ्या गावाला वाटला जातो आणि शेवटी गवताची काडी उरत नाही. प्रत्येक अनावश्यक गोळी हे त्या कुरणात सोडलेले जास्तीचे जनावर आहे. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच या धोक्याचा इशारा दिला होता. २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. माझ्या दोन पट्ट्यांनी या आकड्यात किती भर टाकली हे कोणी मोजू शकणार नाही. सामायिक कुरणाची शोकांतिका असते ती याच कारणाने.

कायदे नाहीत असे नव्हे. प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत, आणि २०१४ पासून त्यांतील काहींसाठी ‘एच-१’ ही अधिक कडक अनुसूची लागू आहे. तिच्यातील औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने तीन वर्षे जपून ठेवावयाची असते. परंतु ज्या व्यवहारात विकणारा व घेणारा दोघेही संतुष्ट असतात, तेथे कायद्याची तक्रार करणारा तिसरा कोण?

बाटलीतला विश्वास

खोकल्याच्या बाटलीची कथा याहून करुण आहे. औषध गोड व पातळ करण्यासाठी वापरावयाच्या द्रवाच्या जागी डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष मिसळले जाण्याचा इतिहास जुना आहे. अमेरिकेत १९३७ साली अशा एका औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले आणि त्यातून १९३८ चा तेथील औषध कायदा आला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच विष निघाले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणातील औषध प्रशासनाची अवस्था चव्हाट्यावर मांडली. एवढे होऊनही २०२२ मध्ये गांबियात सत्तरच्या आसपास बालके गेली, आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात वीसहून अधिक. त्यांतील अनेकांनी नागपूरच्या रुग्णालयांत अखेरचा श्वास घेतला. ज्या औषधाच्या नमुन्यात हे विष ४८ टक्क्यांहून अधिक आढळले, ते साध्या सर्दीखोकल्यासाठी दिले गेले होते.

त्यानंतर केंद्र सरकारने दोन वर्षांखालील मुलांना सर्दीखोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सामान्यतः देऊ नयेत, अशी सूचना काढली. सूचना योग्यच होती. परंतु तिचा खरा अर्थ आपल्या ध्यानात आला आहे काय? जे औषध न दिल्याने मुलाचे काही अडत नव्हते, त्या औषधाने मुले गेली. दोष उत्पादकाचा आहे आणि तपासणी यंत्रणेचाही आहे, यात शंका नाही. तथापि बाटली उघडण्याची घाई आपली होती, हेही नाकारता येणार नाही.

मग करावे काय?

माझी गाडी रुळावर आणली ती एका वयस्क डॉक्टरांनी. खोकला ओसरू लागला तरी तो पुरता जाईना, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी छाती तपासली, आणि ‘तुमचे काम केवळ कफ पातळ ठेवण्याचे व वाट पाहण्याचे आहे’ असे सांगितले. पाणी, पेज, मुगाचे कढण असे पातळ पदार्थ पोटात जाऊ द्यावेत. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याने ते धुवावे, मात्र पाणी उकळून गार केलेलेच हवे. रात्री उशी किंचित उंच घ्यावी, म्हणजे नाकामागून घशात उतरणारा कफ साचत नाही. चमचाभर मधाने खोकला सौम्य होतो याला अभ्यासांचाही आधार आहे, परंतु एक वर्षाखालील बालकाला मध कदापि देऊ नये. वाफाऱ्याने तात्पुरते बरे वाटते. मुलांच्या बाबतीत मात्र उकळत्या पातेल्याने भाजण्याची भीती लाभापेक्षा मोठी आहे. दूध-केळ्याने कफ ‘वाढतो’ ही समजूत तपासात टिकलेली नाही. दूध लाळेत मिसळून घसा क्षणभर जड वाटतो, इतकेच. आजीचा अडुळसा हास्यास्पद मानणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे आधुनिक औषध अडुळशातील द्रव्यावरूनच घडविले गेले.

आम्हां शिक्षकांसाठी त्यांनी एक गोष्ट निक्षून सांगितली. घसा खाकरू नका. खाकरण्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सूज वाढते, सुजेने पुन्हा काही अडकल्यासारखे वाटते आणि माणूस पुन्हा खाकरतो. या चक्रातून बाहेर पडण्याचा उपाय म्हणजे पाण्याचा एक घोट किंवा नुसते गिळणे. कुजबुजल्यानेही आवाजाला विश्रांती मिळत नाही. ती गप्प राहण्यानेच मिळते. टेबलावर पाण्याची बाटली ठेवून शिकविण्यात मला प्रथम संकोच वाटला. आता माझे विद्यार्थीच ती आणून ठेवतात.

परंतु ‘वाट पाहा’ या उपदेशाला आपल्या देशात एक मोठा अपवाद आहे आणि तो ठळक अक्षरांत लिहिला पाहिजे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. म्हणून दोन आठवडे वा अधिक खोकला असणाऱ्या प्रत्येकाने थुंकीची तपासणी करून घ्यावी, असा आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा दंडक आहे. ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. थुंकीतून रक्त पडणे, धाप लागणे, छातीत दुखणे, गेलेला ताप परतणे, वजन घटणे यांपैकी काहीही दिसले तर दोन आठवडेही थांबू नये. रात्रीचा खोकला व छातीतील शीळ दम्याची असू शकते. रक्तदाबावरील काही औषधांनीही कोरडा खोकला येतो. आठ आठवड्यांपलीकडचा खोकला हा ‘उरलेला’ खोकला नव्हे, त्याचे कारण शोधलेच पाहिजे. येथे प्रतिजैविकांच्या घाईचा आणखी एक धोका दिसतो. त्यांतील काही औषधे क्षयाच्या जंतूंनाही अर्धवट दाबतात, त्यामुळे थोडे बरे वाटते आणि खरे निदान लांबते. म्हणजे जेथे थांबावयाचे तेथे आपण औषध घेतो, आणि जेथे तपासावयाचे तेथे औषध घेऊन थांबतो. माझी थुंकी तपासली गेली ती चोविसाव्या दिवशी. अहवाल निर्दोष आला. पण ते दहा दिवस मी तिसऱ्या बाकावरील मुलांच्या तोंडावर खोकत होतो, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

बरे होण्याची मजुरी

आता शेवटचा आणि माझ्या मते मूळ प्रश्न. वाट पाहणे हे औषध खरे, पण ते परवडते कोणाला?

माझ्यासारख्या कायम नोकरीतील माणसाला परवडते. महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९८१ च्या रजा नियमांनी सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला वीस दिवसांची अर्धवेतनी रजा दिली आहे. वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून दहा दिवस पूर्ण पगारी करता येते. आम्हां प्राध्यापकांनाही अशाच सवलती आहेत. संघटित कामगारांसाठी १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राज्य विमा योजनेत आजारपणात ७० टक्के वेतनाची, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत तरतूद झाली. परंतु माझ्याच स्टाफरूममध्ये, माझ्याच टेबलापलीकडे, तासिका तत्त्वावर शिकविणारा एक तरुण सहकारी बसतो. त्याला महिन्याचा पगार नाही. घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, न घेतलेल्याचे नाहीत. माझ्यानंतर आठवडाभराने तोही आजारी पडला. माझ्यापासूनच लागण झाली असेल, तर नवल नाही. तापातही त्याने दोन तास घेतले. मी त्याला मोठ्या अधिकाराने सांगितले, ‘अहो, पट्टी घेऊ नका. तीन आठवडे आवाजाला जपा, आपोआप बरे होईल.’ तो हसून म्हणाला, ‘सर, तीन आठवड्यांचे तास तुम्ही देता काय?’

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याच्या दृष्टीने पाहिले तर पट्टीची किंमत एका तासाच्या मानधनाहून कमी आहे. ती घेऊन दोन दिवस लवकर बरे होण्याची अंधुक आशा असेल, तरी व्यवहार फायद्याचाच वाटतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे, पण तो अडाणी नाही. त्याच्या उत्पन्नाची घडणच अशी आहे की विश्रांती हा चैनीचा माल ठरतो. रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या बाया, बांधकामावरील मजूर, हातगाडीवाले या सर्वांची हीच गत आहे. प्रतिजैविकांच्या गैरवापरावर आपण व्याख्याने देतो, भित्तिपत्रके लावतो. परंतु ज्या देशात बहुसंख्य कष्टकऱ्यांना आजारपणाच्या दिवसाची मजुरी मिळत नाही, तेथे गोळी ही अनेकदा रजेच्या अर्जाला पर्याय म्हणून गिळली जाते, हे त्या भित्तिपत्रकांवर लिहिलेले नसते.

जुन्या घरांत आजारातून उठलेल्या माणसासाठी एक वेगळा काळ राखून ठेवलेला असे. त्याला मऊ भात-मेतकूट मिळे, उन्हात बसवले जाई आणि ‘अजून अंगात ताकद भरू दे’ म्हणून कामाला लावले जात नसे. त्या घरांचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. ती सोय सुनांच्या वाट्याला क्वचितच आली आणि शेतमजुराच्या वाट्याला तर कधीच नाही. पण आजारी आणि बरा यांच्यामध्ये ‘बरा होत असलेला’ अशी एक तिसरी अवस्था असते, एवढे शहाणपण तिच्यात होते. आपण दोनच रकाने ठेवले, हजर आणि गैरहजर.

फार मोठी मागणी करण्याचे कारण नाही. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला सत्रामागे काही दिवस सवेतन आजारी रजा, उरलेल्या खोकल्याच्या काळात वर्गाऐवजी उत्तरपत्रिका तपासण्याचे काम, दुकानात चिठ्ठी मागण्याची सक्ती आणि प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर ‘हा खोकला सुमारे अठरा दिवस टिकू शकतो, दोन आठवड्यांनंतर थुंकी तपासा’ एवढी एक ओळ. यांतील शेवटच्या गोष्टीला तर रंगाच्या डब्यापलीकडे खर्च नाही.

माझा तरुण सहकारी बरा झाला. किती दिवसांत, हे त्याने मोजले नाही, कारण तो एक दिवसही घरी राहिला नाही. त्याचा आवाज मात्र अद्याप पूर्वीसारखा लागत नाही. शिक्षकाचे भांडवल म्हणजे त्याचा आवाज. त्या भांडवलाची झीज कोणत्या ताळेबंदात दाखवावयाची, हे अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीने मला शिकविलेले नाही.